आधी लूप काढ, मग सूत्र लिही

प्रश्न आला तो असा: "सर, मी डिप्लोमा करून थेट सेकंड इयर इलेक्ट्रिकलला आले. मशीन्स जमतात, सर्किट्स जमतात. फील्ड थिअरी मात्र पहिल्या तासापासून डोक्यावरून जातेय. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल सगळं पाठ आहे, पण पेपरात गणित जरा बदललं की हात थांबतो. सीनियर म्हणतात, पासिंगपुरतं कर, नोकरीत कोण विचारतंय. खरंच उपयोग होतो का? आणि गेट परीक्षेला हा विषय ऑप्शनला टाकला तर चालेल का?"

सीनियर अर्धं खरं सांगतायत. माझी २६ वर्षं स्विचयार्ड, ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग आणि केबलच्या कामात गेली. तेवढ्यात एकदाही कुणी माझ्यापुढे कागद सरकवून "जरा याचा कर्ल काढा" असं म्हटलं नाही. पण सगळे मीटर व्यवस्थित दाखवतात आणि तरीही काहीतरी तापतं किंवा चरचरतं, अशी वेळ येते. तिथे सर्किटचं ज्ञान पुरत नाही.

माझ्यावर ती वेळ पहिल्यांदा आली तेव्हा नोकरीला तीनेक वर्षं झाली होती. एका कारखान्यात नवीन एलटी (लो टेन्शन) पॅनेल चालू केलं. सिंगल कोर केबल, प्रत्येक फेजला एक, लोड ४०० अँपिअरच्या आसपास. केबल पॅनेलमध्ये शिरते तिथे तळाला जो पत्रा असतो, ग्लँड प्लेट, तो साधा ३ मिलिमीटरचा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे लोखंडी) पत्रा. त्याला ओळीनं भोकं, प्रत्येक भोकातून एक केबल, पितळी ग्लँड घट्ट आवळलेल्या. काम दिसायला फार सुबक झालं होतं, मी फोटोसुद्धा काढला होता. चार तासांनी ऑपरेटर म्हणाला, रंग जळल्यासारखा वास येतोय. आम्ही लग (केबलच्या टोकाचे जोड) बघितले, नट पुन्हा आवळले, करंट मोजला. तिन्ही फेज सारखे आणि रेटिंगच्या बरेच आत. शेवटी फोरमननं प्लेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. केबल कोमट, पण प्लेट तव्यासारखी.

त्या प्लेटमधून लोडचा करंट जातच नव्हता. सिंगल लाइन डायग्राममध्ये तिला जागाही नव्हती. फोरमन म्हणाला, "साहेब, तिन्ही एकाच भोकातून न्यायला पाहिजे होत्या." असं का, ते त्याला सांगता येत नव्हतं. मला सांगता आलं असतं, पण सुचलं नव्हतं. फील्ड थिअरीत मला ६८ मार्क होते.

आता कागद घे आणि ती प्लेट वरून बघितल्यासारखी काढ. एक आयत, त्यात ओळीनं तीन गोल. एका गोलाभोवती, पत्र्यातूनच फिरणारा, एक बंद लूप काढ. त्या लूपच्या आत करंट किती? एका फेजचा, ४०० अँपिअर. मग अँपिअरच्या नियमानं त्या लूपवरची एचची (चुंबकीय फील्डच्या जोराची) बेरीज ४०० आलीच पाहिजे, पत्रा असो वा हवा. केबलच्या मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर लूपची लांबी होते १५.७ सेंटिमीटर, म्हणजे एच मीटरला सुमारे २५५० अँपिअर. एवढ्या एचला हवेत बी (फ्लक्स डेन्सिटी) मिळतो जेमतेम ३.२ मिलिटेस्ला. लोखंडी पत्र्यात तोच एच तुला एक टेस्लाच्या पलीकडे नेऊन ठेवतो. हा फ्लक्स सेकंदात ५० आवर्तनं करतोय, पत्रा वाहक आहे, म्हणून फॅरेडेच्या नियमानं त्याच्या जाडीत एडी करंट फिरतात. वर हिस्टेरेसिस (लोखंडाचं चुंबकत्व उलटसुलट होताना वाया जाणारी ऊर्जा) आहेच. दोन्हींनी पत्रा तापतो.

आता दुसरा लूप काढ, तिन्ही गोलांना मिळून वेढणारा. आत किती करंट? आर, वाय, बी या तीन फेजच्या करंटची कुठल्याही क्षणी बेरीज शून्य (न्यूट्रल असेल तर तोही आत घे). प्लेट तीच, करंट तेच, एका लूपमध्ये ४०० आणि दुसऱ्यात शून्य. तिन्ही केबल एका भोकातून नेल्या की लोखंडात फक्त दुसऱ्या प्रकारचा लूप शिल्लक राहतो. नाहीतर प्लेट ॲल्युमिनियमची करायची, किंवा भोकांच्या मधे चीर पाडायची. चीर पाडली की एका केबलभोवतीच्या प्रत्येक लूपला हवेचा टप्पा ओलांडावा लागतो आणि फ्लक्स कोसळतो. आम्ही प्लेट ॲल्युमिनियमची केली.

हे एवढं लांबण लावलं कारण तुझा हात पेपरात जिथे थांबतो ती जागा हीच आहे, असा माझा अंदाज आहे. वर्गात अनंत लांबीची सरळ वायर येते, तिच्याभोवती सरांनी काढलेलं वर्तुळ येतं, आणि उत्तर येतं. आपण उत्तर पाठ करतो. वर्तुळच का, तिथेच का, हे कुणी विचारत नाही. गणित बदललं म्हणजे बहुतेक वेळा वर्तुळाची जागा बदललेली असते. मॅक्सवेलची चार समीकरणं इंटिग्रल रूपात लिहून बघ: दोन बंद पृष्ठभागाबद्दल बोलतात, दोन बंद लूपबद्दल. कुठला पृष्ठभाग, कुठला लूप, हे समीकरण सांगत नाही. ते तू ठरवायचं असतं. म्हणून गणित हातात आलं की आधी वस्तू काढ, मग लूप किंवा पृष्ठभाग काढ, मग त्याच्या आत काय सापडलं ते लिही. तोपर्यंत एकही सूत्र लिहायचं नाही.

लॅबमध्ये टाँग टेस्टर (वायर न तोडता, तिला वेढून करंट मोजणारा चिमटा) असेल तो माग. एक्स्टेन्शन बोर्डाला इस्त्री लाव आणि बोर्डाची अख्खी केबल टाँगच्या जबड्यात घाल. इस्त्री तापतेय आणि रीडिंग शून्य. नुसत्या फेजच्या वायरला टाँग लाव (वायर सोललेली नको, इन्सुलेशनसकट), करंट दिसेल. तीच वायर जबड्यातून दोनदा फिरवून घे, रीडिंग दुप्पट. जबडा हाच तुझा लूप, आणि वायर त्याला जितक्या वेळा छेदून जाते तितक्या वेळा तिचा करंट मोजला जातो. लहान करंट मोजायचा असला की आम्ही साइटवर वायरचे दहा वेढे घेतो आणि आकड्याला दहानं भागतो. घरातला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबीही (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) याच तत्त्वावर चालतो: फेज आणि न्यूट्रल एकाच कोअरमधून जातात, बेरीज शून्य आली नाही की तो पडतो.

कर्लबद्दल थोडं, कारण डिप्लोमावाल्यांचा एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) इथेच अडतो. कर्ल म्हणजे 'गोल फिरणं' असं डोक्यात बसलं असेल तर ते आधी काढून टाक. नदीच्या घाटावर जा. काठाजवळ पाणी संथ असतं, आत जावं तसा वेग वाढतो, पण प्रवाह सरळच असतो. दोन काड्या अधिकच्या चिन्हासारख्या बांधून काठाजवळ सोडल्या तर त्या पुढे सरकता सरकता स्वतःभोवती फिरतात. प्रवाह सरळ, तरी कर्ल आहे. उलट, बेसिनचं बूच काढल्यावर जो भोवरा होतो, त्याच्या मधल्या भागापासून जरा लांब तीच काड्यांची जोडी सोड. ती भोवऱ्याभोवती प्रदक्षिणा घालते, पण स्वतःभोवती जवळजवळ फिरत नाही. पाणी गोल, तरी कर्ल शून्य. करंटच्या वायरबाहेरचं चुंबकीय फील्ड या दुसऱ्या जातीचं असतं. बाहेर प्रत्येक बिंदूवर कर्ल शून्य, पण वायरला वेढणाऱ्या लूपची बेरीज शून्य नाही, कारण लूपच्या पोटात वायर आहे आणि कर्ल तिथे बसलाय. हे एकदा पटलं की स्टोक्सचं प्रमेय पाठ करावं लागत नाही. डायव्हर्जन्स त्या मानानं सोपा. नळ आणि मोरी एवढं ध्यानात ठेवलंस तरी निभावतं.

गणित कच्चं म्हणून धीर सोडू नकोस. फॅरेडेनं १८३१ साली इंडक्शन शोधलं तेव्हा त्याला कॅल्क्युलस येत नव्हतं. तो बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, लोखंडाच्या किसात त्याला रेषा दिसल्या आणि त्या रेषांवर त्यानं विश्वास ठेवला. मॅक्सवेलनं १८६५ च्या निबंधात त्या रेषांना गणित दिलं, तेही वीस समीकरणांत. आज फळ्यावर जी चार दिसतात त्यांना तो आटोपशीर वेश दिला ऑलिव्हर हेविसाइडनं, १८८५ च्या सुमारास. हा हेविसाइड सोळाव्या वर्षी शाळा सोडून पुढे तार कंपनीत ऑपरेटर झालेला. इम्पीडन्स हा शब्दही त्याचाच. डिप्लोमा करून आलेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

आता पृष्ठभाग निवडायचं उदाहरण, तेही साइटवरचं. टॉवरच्या पायथ्याशी अर्थिंग आहे आणि फॉल्टमध्ये तिथून १००० अँपिअर जमिनीत उतरले असं समज. इलेक्ट्रोड अर्धगोल धर, जमिनीची रेझिस्टिव्हिटी १०० ओहम-मीटर. तुझा पृष्ठभाग कुठला? इलेक्ट्रोडभोवतीचा उलट्या वाटीसारखा, खरं तर जमिनीत रुतलेल्या वाटीसारखा, अर्धगोल. त्यातून सगळे १००० अँपिअर गेलेच पाहिजेत. वाटीचं क्षेत्रफळ दोन पाय (π) आर वर्ग. करंट भागिले क्षेत्रफळ ही करंट डेन्सिटी, गुणिले रेझिस्टिव्हिटी म्हणजे फील्ड, ते बाहेरून आत इंटिग्रेट केलं की पोटेन्शियल. उत्तर: रो (रेझिस्टिव्हिटी) गुणिले आय (करंट), भागिले दोन पाय (π) आर. चार ओळींचं काम आहे.

आकडे घाल. १ मीटरवर सुमारे १५,९०० व्होल्ट. २ मीटरवर त्याच्या निम्मे, ७,९६० च्या आसपास. म्हणजे एक पाय १ मीटरवर आणि दुसरा २ मीटरवर ठेवून कुणी उभं असेल तर दोन पायांत जवळजवळ ८,००० व्होल्ट. तेच २० आणि २१ मीटरवर उभं राहिलं तर फरक फक्त ३८ व्होल्ट. याला स्टेप पोटेन्शियल म्हणतात. माणूस पाय जुळवून उभा राहू शकतो, म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय कायमच दीडेक मीटर लांब असतात, आणि करंटची वाट तिच्या छातीतून जाते. पावसाळ्यात झाडाखाली वीज पडून जनावरं दगावतात त्यातल्या पुष्कळ मृत्यूंचं कारण हेच असतं. वीज त्यांच्या अंगावर पडलेलीच नसते.

स्विचयार्डमध्ये जी खडी पसरलेली असते ती लोक चिखल होऊ नये म्हणून समजतात. औद्योगिक भेटीला येणाऱ्या दर बॅचला मी विचारतो आणि दर बॅचला हेच उत्तर येतं. खडीची रेझिस्टिव्हिटी खालच्या मातीच्या कितीतरी पट असते. चार-सहा इंचांचा थर म्हणजे तुझ्या प्रत्येक पायाखाली सिरीजमध्ये घातलेला मोठा रेझिस्टन्स. म्हणून खडीत माती मिसळू द्यायची नाही, गवत वाढू द्यायचं नाही. यार्डातलं गवत काढायचं टेंडर निघतं त्याच्या मुळाशी हे इंटिग्रेशन आहे.

बाउंड्री कंडिशन्सचा भाग सगळ्यांना रुक्ष वाटतो. दोनच गोष्टी आहेत: विद्युत फील्ड ईचा पृष्ठभागाला समांतर घटक दोन्हीकडे सारखा, आणि चार्ज नसेल तर विद्युत फ्लक्स डेन्सिटी डीचा लंब घटक दोन्हीकडे सारखा. एवढ्यावर केबल जॉइंटरचं पोट चालतं. एक्सएलपीईची (केबलच्या प्लास्टिक इन्सुलेशनची) रिलेटिव्ह परमिटिव्हिटी २.३. काळा सेमिकंडक्टिंग थर सोलताना ब्लेड जरा खोल गेलं आणि इन्सुलेशनमध्ये हवेची चपटी फट राहिली, तर डी सारखा राहायला हवा म्हणून फटीतलं ई आजूबाजूच्या सव्वादोन पटींहून जास्त होतं. आणि हवा तर एक्सएलपीईपेक्षा कितीतरी दुबळी, मिलिमीटरला ३ किलोव्होल्टच्या आसपास फुटणारी. जिथे जोर जास्त तिथेच माल कच्चा. मग फटीत बारीक ठिणग्या सुरू होतात, पार्शल डिस्चार्ज. केबल त्या दिवशी टेस्टला पास होते आणि दोन पावसाळ्यांनी फुटते. चांगला जॉइंटर तो थर काढल्यावर बोटानं चाचपून बघतो, मग पॉलिश पेपर मारतो. त्याच्या बोटाला बाउंड्री कंडिशन कळते.

वेव्हज आणि पॉइंटिंग व्हेक्टरवर मी तुला फार वेळ घालवायला सांगणार नाही, पण एक विचार करून बघ. दीडच्या (दीड चौरस मिलिमीटर) तांब्याच्या वायरमधून १० अँपिअर जातात तेव्हा इलेक्ट्रॉन सरकतात सेकंदाला अर्धा मिलिमीटर. एसीमध्ये तर ते जागच्या जागी दोनेक मायक्रॉन पुढेमागे हलतात. मग बटण दाबताक्षणी दिव्यापर्यंत ऊर्जा नेली कुणी? पॉइंटिंगनं १८८४ साली दाखवलं की ती वायरच्या भोवतालच्या फील्डमधून जाते. वायर फक्त दिशा देते, आणि वाटेत थोडी खाते. वाटेत खाण्याचा हिशेब म्हणजे स्किन डेप्थ, फील्ड वाहकात साधारण किती खोल शिरतं ते. ५० हर्ट्झला तांब्यात ९.३ मिलिमीटर, ॲल्युमिनियममध्ये १२ च्या आसपास. हे दोन आकडे पाठच कर. मोठा बसबार भरीव गोल न करता पट्ट्यांचा किंवा पोकळ नळीचा का करतात हे त्यांतून आपोआप कळतं.

अभ्यासाचं म्हणशील तर एम-थ्रीचं व्हेक्टर कॅल्क्युलसचं युनिट आणि फील्ड थिअरी वेगवेगळ्या वह्यांत ठेवू नकोस. सिलिंड्रिकल आणि स्फेरिकल कोऑर्डिनेट्समध्ये युनिट व्हेक्टर जागोजागी दिशा बदलतात, हे विसरल्यामुळे जितके मार्क जातात तितके दुसऱ्या कशामुळे जात नाहीत. केबल, कंडक्टर, वाइंडिंग आलं की सिलिंड्रिकल. अर्थिंग, गोळा, थेंब आला की स्फेरिकल. लोकल ऑथरचं पुस्तक पेपरासाठी ठीक आहे, पण त्यातली आकृती झाकून गणित वाच आणि स्वतः काढ. एनपीटीईएलवर या विषयाचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, एकच धर आणि शेवटपर्यंत ने. चार-पाच कोर्स अर्धे अर्धे बघणारी मुलं मला दर वर्षी भेटतात.

आणि एफईएमएम नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घे. त्यात दोन मितींत कंडक्टर काढायचा, करंट द्यायचा, फ्लक्सच्या रेषा दिसतात. वरची ग्लँड प्लेट त्यात काढून बघ. पण आधी कागदावर रेषा कशा असतील ते पेन्सिलीनं काढ, मग बटण दाब. उलट क्रमानं केलंस तर नुसती रंगीत चित्रं बघितल्यासारखं होईल.

गेटचं उत्तर सरळ आहे: सोडू नकोस. इलेक्ट्रिकलच्या गेटला फील्ड्सचा भाग आटोपशीर आहे. कुलोम, गाऊस, पोटेन्शियल, डायइलेक्ट्रिक, कॅपॅसिटन्स, बायो-साव्हार, अँपिअर, फॅरेडे, इंडक्टन्स, मॅग्नेटिक सर्किट. वेव्हगाइड आणि अँटेना इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या वाट्याला जातात. यातलं अर्धं तू मशीन्समध्ये वेगळ्या नावानं आधीच शिकली आहेस. मॅग्नेटिक सर्किटमधला एमएमएफ म्हणजे अँपिअरच्या नियमातला तो 'आतला करंट', दुसरं काही नाही.

जाता जाता एक गणित देतो, पुस्तकात मिळणार नाही. चार कोअरची केबल, लोड असमतोल: आर फेजला ५० अँपिअर, वायला ३०, बीला ३०, सगळे युनिटी पॉवर फॅक्टरचे. टाँग अख्ख्या केबलला लावला तर काय दिसेल? न्यूट्रल वेगळा काढून उरलेल्या तिघांना मिळून लावला तर? आणि पहिल्या मापनात शून्याऐवजी ४ अँपिअर दिसले, तर ते ४ अँपिअर कुठून परत जातायत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना लूप नक्की काढ, आणि तो काढलेला कागद मला पाठव.